आठवी पेटी

सकाळचे सात वाजून गेले होते. तळ्याच्या खड्ड्यात साक्षीदाराचा माथा ढासळला आणि त्याखाली धाकटा गेला. मोजणी नऊला व्हायची होती.

साक्षीदार म्हणजे माणूस नव्हे. गावाने तळं खणायला घेतलं तेव्हा प्रत्येक घराला एकेक वाटा आखून दिला होता. जमीन उंचसखल, कुठे टेंगूळ तर कुठे खळगा. त्यात उपसलेली माती पडून कडाही बुजलेल्या. मग कोणी किती खोल खणलं हे कळायचं कसं? म्हणून प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या मधोमध मातीचा एक चौकोनी खांब न खणता सोडायचा. खाली रुंद, वर निमुळता, कारण सरळसोट सोडला तर तो उभा राहत नाही. त्याच्या माथ्यावर मूळ जमिनीचं गवत जसंच्या तसं राहिलं पाहिजे. ते गवत बघून मोजणी करणारे मास्तर म्हणणार, जमीन इथवर होती. मग पायथ्यापासून गवतापर्यंत काठी लावणार आणि म्हणणार, एवढं खणलं. या खांबालाच सगळे साक्षीदार म्हणायचे.

सहा हात खोली भरली तर वाटा पुरा, आणि उन्हाळ्यात त्या घराला पाण्याची पाळी. कमी भरली तर पाळी नाही, ती शेजारच्या वाट्याला जायची. साक्षीदाराचा पायथा पाच हातांपेक्षा जाड ठेवायचा नाही, कारण कामचुकार लोक तोच जाड ठेवून खणणं वाचवतात. आणि मोजणीआधी ज्याचा साक्षीदार पडला त्याचा वाटा धरायचाच नाही. हे सगळं गावाने एकमताने ठरवलं तेव्हा थोरलीनेही हात वर केला होता.

थोरली ही त्या घरातली मोठी सून. तिचा नवरा, म्हणजे थोरला, दोन भावांतला मोठा. काम सुरू झालं आणि पहिल्याच पंधरवड्यात त्याच्या कमरेत अशी चमक भरली की तो खाटेला खिळला. खणायला राहिला धाकटा. थोरली लग्न होऊन आली तेव्हा हा दीर एवढासा होता, नाक पुसायलाही तिच्याकडेच यायचा. त्याची आई गेली ती त्याच वर्षी. त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तापात उशाशी बसून जपलं ते थोरलीनेच. म्हणून ती त्याला अरेतुरे करायची, आणि तो तिला वहिनी म्हणायचा ते आईला हाक मारावी तसं.

घराला आधार होता तो लिंबाच्या बागेचा. झाडं धाकट्यानेच लावलेली. विहीर आटल्यापासून निम्मी बाग वाळून गेली होती, उरलेली पानं गाळत उभी होती. अजून एक उन्हाळा पाण्यावाचून गेला तर सरपण तेवढं मिळणार, हे थोरलीला दिसत होतं. पाण्याची पाळी तिला हवी होती ती त्या झाडांसाठी.

आणि नेमका तिच्याच वाट्यात कातळ लागला. शेजारच्या लोहाराच्या वाट्यात माती लोण्यासारखी. इकडे पाच हातांवर पहार वाजायला लागली.

"वहिनी, खाली दगड आहे. ठिणग्या उडतायत नुसत्या."

"अजून एक हात तर राहिलाय."

"त्या एका हाताला दिवाळखोर व्हायची पाळी येईल. सुरुंग लागेल इथे."

थोरलीने खड्ड्यात उतरून स्वतः पहार मारून बघितली. हाताला झिणझिण्या आल्या. मग ती कितीतरी वेळ साक्षीदाराकडे बघत उभी राहिली.

"खालून जात नसेल तर वरून वाढव," ती म्हणाली.

धाकट्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसत सुटला. "साक्षीदाराला टोपी घालायची? वहिनी, तुझं डोकं पंचांना असतं तर तळं कधीच भरलं असतं."

"हसू नकोस. तुझ्या भावाला सांगू नकोस. त्यांच्या पोटात काही राहत नाही."

सगळे घरी गेले की दोघं थांबायची. थोरली शेतातून काळी माती टोपलीने आणायची. साक्षीदाराच्या कुशीला धाकट्याने पाय ठेवायला खोबण्या केल्या होत्या, त्यावरून ती वर चढायची. धाकटा माती थापायचा, धुमसाने चोपायचा. खरा माथा तीन हात औरसचौरस होता. त्यावर एक हात उंचीची टोपी चढली, वर निमुळती होत होत दोन हातांची. शेवटी बांधावरून गवताचा एक अखंड थर कापून आणला आणि वर बसवला. खालून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

टोपीची पहिली टोपली ओतायच्या आधी धाकट्याने विचारलं होतं, "वहिनी, खालचं गवत खरवडून काढू का? मातीला माती धरेल."

"राहू दे रे. उजेड जायला लागलाय."

हे एवढंच. पण गवत गवतावर घसरतं. त्यात वरचं गवत हिरवं राहावं म्हणून थोरली रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर तांब्या-तांब्या पाणी घालायची. पाणी टोपीत मुरायचं, खाली दबलेल्या गवतापाशी थांबायचं. टोपी आतून फुगत होती, जड होत होती. बाहेरून मात्र साक्षीदार कसा ताजातवाना दिसायचा. लोहारीण एकदा म्हणालीसुद्धा, "थोरले, तुमच्या साक्षीदाराचं गवत बघ कसं टवटवीत. आमचं मेलं कधीच करपलं."

"आमची जमीनच ओलसर," थोरलीने सांगितलं.

मोजणीच्या सकाळी दोघं लवकर खड्ड्यात उतरली. पायथा पाच हातांपेक्षा जरा जास्त होता. थोरली म्हणाली, तेवढा तास, उगाच मास्तरांना बोट दाखवायला जागा नको. धाकटा पायथ्याशी उकिडवा बसला आणि कुदळीने कूस तासायला लागला. दणके वर पोचत होते. बाकीचे लोक वर झाडाखाली चहा पीत होते. खड्ड्यात दुसरं कोणी नव्हतं.

आवाज फार मोठा झाला नाही. ओलं कापड आपटावं तसा झाला. टोपी एकसंध घसरली आणि धाकट्याच्या मानेवर, पाठीवर आली. मग तिचे तुकडे झाले. धूळही उडाली नाही, इतकी माती ओली होती.

थोरली दोन पावलांवर होती. तिला मातीतून बाहेर राहिलेली त्याची टाच दिसली. टाच हलत होती.

मग तिची नजर वर गेली. साक्षीदाराच्या उघड्या पडलेल्या माथ्यावर दबलेलं, पिवळं पडलेलं गवत होतं. ओल्या केसांसारखं चपटं, कडेवरून खाली लोंबणारं. कोणीही खड्ड्याच्या काठावर येऊन बघितलं असतं तरी त्याला कळलं असतं की खरी जमीन इथवरच होती, वरचा हात खोटा.

थोरली खोबण्यांवरून वर चढली. कमरेचं खुरपं काढून तिने गवत खरवडलं. खुरपं पुरेना तेव्हा नखांनी उपटलं. मूठ मूठ गवत कमरेला पदराआड खोचलं. माथा काळा उघडा दिसायला लागला तेव्हा ती खाली उतरली, आणि मग ओरडली.

आधी चढली, मग ओरडली. किती वेळ गेला ते मोजायला कोणी नव्हतं.

आरडाओरडा ऐकून वरचे लोक धावत आले. फावडं लागेल म्हणून हातांनीच माती ओढायला लागले. थोरली सगळ्यात पुढे होती. तिच्याएवढी माती कोणी ओढली नाही, असं नंतर सगळेच म्हणाले. धाकट्याला बाहेर काढला तेव्हा तोंड मातीने भरलेलं होतं. कोणीतरी बोट घालून माती काढली, कोणी छाती दाबली, कोणी नाकाशी हात धरला. टाच आता हलत नव्हती. माती वाहायच्या फळीवर घालून त्याला वर झाडाखाली नेला.

एक जण थोरल्याला आणायला पळाला. एक जण मास्तरांना.

मास्तर निवृत्त होऊनही मास्तरच होते. खड्ड्यात राबणाऱ्या निम्म्या लोकांनी त्यांच्या छडीचा प्रसाद खाल्लेला. माणूस कडक पण हिशेबाला सरळ. एका हाताची काठी, तिच्यावर चोवीस अंगुळांच्या खुणा, ती काखेत मारून ते आले. आधी झाडाखाली गेले, धाकट्याच्या पायाशी घटकाभर उभे राहिले. मग खड्ड्यात उतरले.

"मोजणी पुढे ढकलायची का?" कोणी विचारलं.

"पाणी परवा सोडणार आहेत. ढकलून कुठे नेणार?" मास्तर म्हणाले. "बाकीचे वाटे मोजू. याचा..."

लोहारीण कडेलाच उभी होती. तिचा वाटा पुरा होता. थोरलीचा धरला नाही तर तिची पाळी दुप्पट होणार होती, हे तिला न सांगता माहीत होतं. "याचा काय, मास्तर? ठरलंय ना. साक्षीदार पडला तर वाटा धरायचा नाही."

"अगं, मढं अजून थंड झालं नाही," एक म्हातारी म्हणाली.

"म्हणून तर विचारते. सगळ्यांना एकच नियम की रडणाऱ्याला वेगळा?"

थोरली साक्षीदारापाशी बसली होती. नखांत माती, नखं फाटलेली. ती उठली. आवाज चढला नाही तिचा. "मास्तर, त्याने जीव दिला या वाट्यासाठी. आणि तुम्ही धरायचाच नाही म्हणता?"

"मी अजून काहीच म्हटलं नाही, सूनबाई."

मास्तरांनी साक्षीदाराला फेरी मारली. काठी लावली. पायथा पाच हात. उभा राहिलेला भाग उंचीला पाच हात, ना अंगुळ कमी ना जास्त. मग त्या वयातही ते खोबण्यांवरून वर चढले आणि माथा मोजला. तीन हात.

"सगळा पडला नाही," ते वरूनच म्हणाले. "शेंडा तेवढा गेलाय. उरलेल्यावरून आणि पडलेल्या मातीवरून शेंडा किती उंच होता ते काढता येतं. नियम काय आहे? साक्षीदार पडला तर खोली कळत नाही म्हणून वाटा धरायचा नाही. कळत असेल तर का धरायचा नाही?" मग त्यांनी माथ्यावर बोट फिरवलं. "हे ओरखडे कसले?"



"मी केले," थोरली म्हणाली. "वर सैल माती राहिली होती. त्याच्या अंगावर अजून पडेल म्हणून पलीकडे लोटली."

"हो का?" लोहारीण म्हणाली. "मी हंडा घेऊन वरच्या वाटेने जात होते तेव्हा तू माथ्यावर होतीस. तोंडातून आवाज नव्हता तुझ्या. मला वाटलं, गवताला पाणी घालतेयस."

"भीतीने वाचा बसली होती माझी."

"हात बरे चालत होते."

"लोहारणीबाई," मास्तर खाली उतरत म्हणाले, "पुरे."

त्यांनी मोठी पेटी आणायला सांगितली. वाळू मोजायची लाकडी पेटी, आत एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल. मग काठीने जमिनीवर आकडे ओढत ते मोठ्याने बोलायला लागले. वर्गात बोलायचे तसं, मागच्या बाकावरच्यालाही ऐकू जाईल असं.

"शेंड्याचा खालचा चौकोन तीन हातांचा. तीन त्रिक नऊ. वरचा चौकोन केवढा? गवताचा थर पडलाय बघा तिकडे, तुटलेला नाही. मोजा."

एकाने मोजला. दोन हात.

"दोन दुणे चार. मधोमध कापला तर अडीच हातांचा चौकोन, म्हणजे सव्वासहा. तो चार वेळा धरायचा. पंचवीस. नऊ, चार, पंचवीस मिळून अडतीस. सहाने भागा. सहा आणि वर तिसरा हिस्सा. शेंडा एक हात उंच असेल तर त्यात एवढी माती. पण ही झाली घट्ट माती. पडून मोकळी झाली की फुगते, सव्वापट होते. म्हणजे..." त्यांनी काठी टेकली. "आठ पेट्या धरा. ही पडलेली माती आठ पेट्या भरली तर शेंडा हातभर होता. पाच आणि एक सहा. वाटा पुरा. कमी भरली तर वाटा अपुरा."

"आणि कोणी फावडंभर दुसरी माती टाकली तर?" लोहारणीने विचारलं.

"खाली सगळा तांबडा मुरूम आणि कातळ आहे. पडलेली माती काळी. काळीच भरायची. तूच उभी राहा पेटीपाशी."

ती उभी राहिली, पदर खोचून.

पेटी भरायची, मास्तर काठीने वरून सारखी करायचे, रिकामी करायची. पहिल्या पेट्या भराभर झाल्या. थोरली बघत होती. तिला एक गोष्ट कळत होती जी मास्तरांना माहीत नव्हती. मुळातली माती पडली की फुगते. हिची माती तर टोपलीने आणून थापलेली, आधीच मोकळी होऊन गेलेली. धुमसाने कितीही चोपली असली तरी ती सव्वापट फुगेल का? सहाव्या पेटीला ढीग संपत आला. सातवीला लोक कोपऱ्याकोपऱ्यातून काळी माती खरडायला लागले. धाकट्याला काढताना घाईघाईने मागे फेकलेली माती शोधून आणली. कुणाच्या चपलांना लागलेली तीही झटकली.

आठवी पेटी भरत आली आणि माती संपली.

मास्तरांनी काठी आत उभी धरली. काठापासून माती दोन अंगुळं खाली होती.

"दोन अंगुळं," लोहारीण म्हणाली.

मास्तरांनी पेटीत वाकून बघितलं. "काठोकाठ हवी," ते म्हणाले. "आठ म्हटलं म्हणजे आठ. कुठे राहिलीय का अजून? नीट बघा."

सगळ्यांनी बघितलं. खड्ड्याचा तळ तांबडा लख्ख झाला होता. एक माणूस हळूच म्हणाला, "वर आहे की. फळीवर. त्याच्याबरोबर गेली ती."

कोणी हललं नाही. थोरलीने घमेलं उचललं आणि ती चढण चढून वर गेली.

झाडाखाली थोरला भावाच्या उशाशी बसला होता. कमरेला फडकं आवळून, एका कुशीवर कलून. रडणं संपून तो आता नुसता बघत होता. फळीवर धाकट्याच्या दोन्ही अंगांना माती साचली होती. सदरा मातीने जड झाला होता. थोरलीने घमेलं जवळ ठेवलं आणि फळीवरची माती ओंजळीने त्यात घ्यायला लागली.

"काय करतेस?" थोरल्याने विचारलं.

"झाडते त्याला. असाच घरी न्यायचा का?"

"हो गं," तो म्हणाला. "खरंच. माझ्या ध्यानातच आलं नाही."

मग तोही भावाचे केस झाडायला लागला. हळुवार, दुखेल अशा बेताने. कानात बोट घालून माती काढली. सदऱ्याच्या खिशात माती भरली होती, ती उलटी करून काढली. खिशातून एक लहानसं हिरवं लिंबू निघालं, ते त्याने बाजूला ठेवलं. "लहानपणी पण असाच मातीत लोळून यायचा," तो म्हणाला. "तू बदडायचीस, आठवतं?"

"आठवतं."

"त्या घमेल्यात कशाला घेतेस? पडू दे की इथेच."

"त्याच्या अंगची आहे. पायदळी कशाला?"

थोरल्याला ते पटलं. त्याने फळीच्या भेगांतली मातीही बोटाने उकरून घमेल्यात टाकली. मानेखालची माती रक्ताने चिकट झाली होती. ती थोरलीने एकटीने काढली.

घमेलं काठोकाठ भरलं नव्हतं, पण भरल्यासारखं होतं. ती खाली उतरली आणि पेटीत ओतलं. मास्तरांनी काठी फिरवली. माती काठाला लागली. फिरवताना काठीला काहीतरी चिकटलं, ते त्यांनी पायाला पुसलं आणि दुसरीकडे बघितलं.

"भरली," ते म्हणाले. "वाटा पुरा."

लोहारीण पेटीपासून बाजूला झाली. जाताजाता थोरलीच्या कानाशी म्हणाली, "सहाव्या पेटीला तुझा श्वास थांबला होता, थोरले. मी बघत होते. त्याच्यासाठी नव्हता थांबला."

संध्याकाळी धाकट्याला पोचवून घरी आल्यावर तिने कमरेचं पिवळं गवत काढून चुलीत घातलं. ओलं होतं. पेटायला वेळ लागला आणि घरभर धूर झाला. थोरला खोकत म्हणाला, "काय जाळतेस?"

"केरकचरा."

पाणी काही परवा सुटलं नाही. वरच्या कालव्याचं दार बिघडलं, आज सोडू उद्या सोडू करत तळं कोरडंच राहिलं. मधल्या दिवसांत घरोघरच्या लोकांनी आपापले साक्षीदार खणून काढले, कारण मोजणी झाली की त्यांचं काम संपतं. थोरलीही फावडं घेऊन निघाली होती. थोरला दारात आडवा झाला.

"त्याला हात लावायचा नाही."

"अहो, सगळ्यांनी काढलाय."

"सगळ्यांचा भाऊ त्याच्याखाली गेला नाही. पाण्यात असेना का उभा. पाणी उतरलं की दिसेल. तेवढंच तर उरलंय माझ्याकडे त्याचं." आणि तो असा रडायला लागला की थोरलीने फावडं कोपऱ्यात ठेवलं.

याच दिवसांत मास्तर भेटायला आले. चहा घेतला. थोरल्याशी चार शब्द बोलले. मग थोरली कपबशी उचलायला आली तेव्हा म्हणाले, "सूनबाई, त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली."

थोरलीने उचललेली बशी परत खाली ठेवली. "कसली चूक?"

"आठ पेट्या मी घाईने म्हणालो. घरी जाऊन नीट केलं. सहा आणि तिसरा हिस्सा, त्याची सव्वापट. आठ होत नाहीत. सात पेट्या आणि बावीस अंगुळं होतात."

थोरलीला लगेच उमगलं नाही.

"म्हणजे पेटी दोन अंगुळं कमी होती ना, तेवढीच हवी होती. बरोब्बर तेवढीच." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "वाटा तेव्हाच पुरा झाला होता. तुम्हाला त्याच्या अंगाची... ते करायची गरज नव्हती. मला राहवेना, म्हणून सांगायला आलो."

थोरल्याने मान वर केली. "त्याच्या अंगाची काय?"

मास्तरांनी थोरलीकडे बघितलं. थोरली कपाकडे बघत होती.

"काही नाही," ती म्हणाली. "माती. मी घमेल्यात घेतली होती ना, ती."

"ती मोजायला नेलीस?"

ती आत गेली. थोरला बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसला. मास्तर उठले, चपला घातल्या आणि निघाले. दारातून म्हणाले, "चूक आहे ती आहे. सांगितलेली बरी."

त्या दिवसापासून थोरला बायकोशी कामापुरतंच बोलतो. सकाळी उठतो, कमरेला फडकं बांधतो आणि तळ्याच्या खड्ड्यात जाऊन साक्षीदारापाशी बसतो.

चारेक दिवसांपूर्वी तो लगबगीने घरी आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला होता. "अगं, चल, तुला दाखवतो. चल तर खरी."

थोरली त्याच्यामागून गेली. कोरड्या, तांबड्या, सपाट खड्ड्यात त्यांचा साक्षीदार तेवढा एकटा उभा होता. त्याच्या माथ्यावर गवत उगवलं होतं. खुरप्याने आणि नखांनी वरची पाती गेली होती, मुळं आत तशीच होती. त्यांना ऊन लागलं, आणि ती फुटली. चारी कडांपर्यंत, दाट, कोवळं. जमिनीवर असतं तसं.

"बघ," थोरला म्हणाला. "कोणी लावलं नाही, काही नाही. आपलं आपण आलंय. त्यानेच पाठवलंय बघ."



"मी आता रोज पाणी घालणार त्याला," तो म्हणाला. त्याच्या हातात तांब्या होता. दुखऱ्या कमरेने तो एकेका खोबणीवर पाय देत वर चढला आणि गवतावर पाणी शिंपडलं.

खड्ड्याच्या काठावर लोहारीण उभी होती. हंडा कमरेवर तसाच धरून ती माथ्यावरच्या गवताकडे बघत होती. मग तिने पायथ्याकडे बघितलं, पुन्हा गवताकडे बघितलं. हंडा तिथेच खाली ठेवला आणि मास्तरांच्या घराच्या रस्त्याला लागली.

मास्तर मुलीकडे परगावी गेलेत. निरोप पोचलाय. काठी घरीच खुंटीला आहे, आल्यावर बघतो, असं त्यांनी कळवलंय. कालव्याचं दार अजून दुरुस्त झालेलं नाही. थोरल्याने आज सकाळीही पाणी घातलं. गवत आता चार अंगुळं उंच झालंय.